तीस दिवसांत रेशमी कार्डांचे जाणकार व्हा

तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे इंग्लंडला आला आहात. नातू शाळेत, मुलगा-सून कामावर, बाहेर रिपरिप पाऊस. पहिल्या आठवड्यात तुम्ही बागेतलं गवत कापलंत. दुसऱ्या आठवड्यात सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे 'नीट' लावलेत. तिसऱ्या आठवड्यापासून सून जरा कमी बोलू लागली आहे. घाबरू नका. यावर उपाय आहे, आणि तो दर रविवारी सकाळी जवळच्या एखाद्या मैदानात भरतो. लोक आपापल्या गाड्यांच्या डिक्या उघडतात आणि घरातली अडगळ विकायला मांडतात. त्याला कार बूट सेल म्हणतात. पुण्याचा जुना बाजारच म्हणा ना, फक्त इथल्या गाड्या विकायच्या नसतात.

तिथे दांडी नसलेल्या किटल्या आणि डोळा नसलेल्या बाहुल्या यांच्या मधोमध बुटांचं एक खोकं असेल. त्यात हात घाला. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, कडेनं उठावाची नक्षी, मधल्या चौकटीत मलमलीहून विरळ रेशमी जाळी. जाळीवर रेशमानं भरलेली दोन जांभळी पॅन्झीची फुलं, चार देशांचे झेंडे आणि इंग्रजीत 'माझ्या प्रिय आईस'. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरचे इंग्रज शिपाई ही कार्डं विकत घेऊन घरी धाडत. साध्या शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग. त्यातून.

झालं. तुम्हाला छंद लागला आहे. आता तो रीतसर कसा करायचा, ते शिकून घ्या.

१. आधी साहित्य घ्या, ज्ञान मागाहून येतं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरे सुती हातमोजे, आम्ल नसलेल्या कागदाचा अल्बम आणि एक मऊ खोडरबर. खोडरबराचं कारण शेवटी सांगतो. हातमोजे घालायचे नसतात. मोज्यांतून कार्ड निसटतं आणि जुन्या रेशमाचे धागे त्यांत अडकतात. मोजे कोटाच्या खिशातून अर्धे बाहेर डोकावले पाहिजेत, एवढंच त्यांचं काम. ते दिसले की विक्रेता तुम्हाला 'सर' म्हणतो आणि भाव दोन पौंडांनी वाढवतो. मान फुकट मिळत नाही.

चेहराही आधी बसवून घ्या. धाकट्या जावेच्या माहेरून आलेली साडी हातात घेताना मोठ्या जावेचा जो होतो, तोच. नीट बघायचं, पोत चाचपायचा, काही बोलायचं नाही आणि घडी मोडून परत ठेवायची.

२. विणलेलं आणि भरलेलं यातला फरक लोकांना सांगत सुटा

याला 'पोस्टकार्ड' म्हणू नका. 'सिल्क' म्हणा. सिल्कांमध्येही दोन जाती असतात. एक विणलेली: इंग्लंडमधल्या कव्हेंट्री शहरात टॉमस स्टीव्हन्स नावाच्या कारखानदारानं १८६० च्या दशकापासून मागावर रेशमी चित्रं विणून नाव काढलं, त्या घराण्यातली. दुसरी भरतकामाची, म्हणजे आपली. तुमच्या सौभाग्यवतींना हे एका वाक्यात कळेल, कारण पैठणीच्या पदरावरचा मोर विणलेला असतो आणि उशीच्या अभ्र्यावरचा भरलेला, हे त्यांना सातवीपासून ठाऊक आहे. म्हणून हा विषय त्यांच्यासमोर काढू नका. तज्ज्ञानं आपलं ज्ञान नेहमी अशा ठिकाणी वापरावं जिथे कशिदा येणारं कुणी नाही.

३. गोष्ट पाठ करा

छंदाला गोष्ट लागते. इथली गोष्ट तयार आहे आणि फार हृद्य आहे. बेल्जियममधून परागंदा झालेल्या, फ्रान्समध्ये उद्ध्वस्त झालेल्या बायाबापड्या निर्वासितांच्या छावण्यांत मेणबत्तीच्या उजेडात रेशमी पट्टीवर एकेक पाकळी भरत. मग त्या पट्ट्या शहरात जात, तिथे त्यांची कार्डं कापली जात. अशी एक कोटीपर्यंत कार्डं निघाली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. हे सांगताना 'मेणबत्ती' या शब्दाशी जरा थांबा. ऐकणारा हमखास खिशाकडे हात नेतो.

आता भिंग काढा आणि गोष्टीचं जे व्हायचं ते होऊ द्या. एकाच नमुन्याची दोन कार्डं शेजारी ठेवा. डावीकडच्या पॅन्झीच्या तिसऱ्या पाकळीत एक टाका जरा लांब पडला आहे? उजवीकडच्या पॅन्झीच्या तिसऱ्या पाकळीतही तोच टाका तेवढाच लांब पडलेला सापडेल. दोन निर्वासित बायांनी दोन गावांत बसून एकच चूक सुतानं सूत जुळवून केली, असं मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

खरी हकीकत गोष्टीइतकीच सुरस आहे, पण तिच्यात मेणबत्ती नाही. पूर्व फ्रान्समधल्या म्यूलूझच्या जोस्यूए हाइलमाननं १८२८ च्या सुमारास भरतकामाचं एक यंत्र काढलं. त्यात कापड उभं ताणलेलं असे. दोन्ही बाजूंना चिमट्यांची रांग, आणि चिमट्यांत शेकडो सुया. सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार, नेढं मधोमध. एका बाजूच्या चिमट्यांनी सुया कापडात खुपसायच्या, पलीकडच्यांनी ओढून घ्यायच्या आणि परत पाठवायच्या. कारागीर एका हातानं मोठ्या आकारात काढलेल्या चित्रावरून टोचणी फिरवी, दुसऱ्या हातानं चाक, आणि पायांनी चिमटे उघडी-मिटी. चित्रातल्या एका पाकळीवर टोचणी फिरली की कापडावर रांगेनं तेवढ्या पाकळ्या उमटत. जांभळा रंग संपून पिवळा आला की साऱ्या सुयांचा धागा बदलायचा.

मग ही कार्डं हातची की यंत्राची? यंत्राला वीज नव्हती, हात होते. तेव्हा विकताना 'हातची' म्हणा, विकत घेताना 'यंत्राची' म्हणा. दोन्ही वेळा तुम्ही खोटं बोललेले नसता. असा योग व्यापारात विरळा.

४. फुलं आणि झेंडे वाचायला शिका

पॅन्झीला फ्रेंचमध्ये 'पांसे' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ विचार, आठवण. म्हणजे फूल पाठवलं की 'तुझी आठवण येते' हे लिहावं लागत नाही. जो शिपाई शाळेत पत्रलेखनात नापास झाला होता, त्याची ही मोठीच सोय होती. निळी बारकी फुलं दिसली तर ती फर्गेट-मी-नॉट, म्हणजे विसरू नकोस. फुलपाखराच्या पंखांत झेंडे भरलेले असतील तर त्याचा अर्थ एवढाच की कारखान्यातला चित्रकार त्या दिवशी उत्साहात होता.

झेंडे मात्र मन लावून मोजा, कारण झेंडे म्हणजे कार्डाची जन्मपत्रिका. इटली युद्धात उतरली मे १९१५ मध्ये, रुमानिया ऑगस्ट १९१६ मध्ये, अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये. नवा भिडू आला की नवा झेंडा. युद्ध लांबलं तसतशी कार्डं रंगीत होत गेली. खंदकातल्यांना ते कितपत जाणवलं, हा आपला विषय नाही.

किमतीचं गणित मात्र सोपं आहे. पलटणीचं बोधचिन्ह भरलेलं कार्ड महाग, कारण एका पलटणीपुरती थोडीच निघाली. 'माझ्या प्रिय आईस' सगळ्यांत स्वस्त, कारण ती ढिगानं निघाली. याचं वाईट वाटून घेऊ नका. बाजाराचा आईवर राग नाही. आया फार होत्या, इतकंच.

५. दर्जा ठरवा आणि मन घट्ट करा

उत्तम दर्जाचं कार्ड कसं ओळखाल? रेशीम कालच भरल्यासारखं लखलखीत. पुठ्ठ्यावर दमटपणाचे तांबूस ठिपके नाहीत. काही कार्डांत रेशमाचीच झडप असलेला खिसा असतो आणि खिशात बारीक अक्षरांची एक छापील चिठ्ठी. ती झडप कधीही न उघडल्यासारखी ताठ, चिठ्ठी जागच्या जागी.

कमी दर्जाचं कार्ड? रंग उडालेला, झडपेची घडी विरलेली, चिठ्ठी गहाळ, कडा मळलेल्या, डाव्या कोपऱ्यावर अंगठ्याचा तेलकट डाग.

आता जरा हिशेब मांडू. पहिलं कार्ड लखलखीत राहिलं, कारण ते कुणी दिवाणखान्यात लावलं नाही, शेजारणीला दाखवलं नाही, झडप उघडून चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली नाही. बहुधा ते पाठवलंच गेलं नाही. दुसऱ्याचा रंग उडाला, कारण कुणीतरी ते चौकटीत घालून वीस वर्षं खिडकीसमोर टांगलं. थोडक्यात, कार्डानं आपलं काम जितकं चोख केलं तितका त्याचा दर्जा घसरला. त्या माउलीला भावी संग्राहकांची थोडी कदर असती तर तिनं मुलाचं कार्ड आल्याबरोबर अंधाऱ्या पेटीत ठेवून दिलं असतं. तिला दोष देऊ नका. तिला मार्गदर्शक पुस्तिका मिळाली नव्हती.

६. तिकीट नाही म्हणून भाव पाडू नका

नवशिक्या हमखास विचारतो, "यावर टपालाचा शिक्का कसा नाही?" तुम्ही कपाळावर आठी घाला. रेशीम खराब होऊ नये म्हणून शिपाई हे कार्ड पत्रासोबत पाकिटात घालून पाठवत. शिक्का पाकिटावर बसे. पाकीट चुलीत जाई, कार्ड उरे.

मजकूर कमी का, हेही विचारलं जाईल. शिपायाचं पत्र आधी त्याचाच अधिकारी वाचत असे. गावाचं नाव लिहायचं नाही, पलटण कुठे हलली ते लिहायचं नाही. खासगी लिहायचं असेल तर अधूनमधून एक हिरवं पाकीट मिळे. ते पलटणीत फोडत नसत, पण मागे तळावर कुणी फोडलं तर बोलायची सोय नव्हती. आणि ज्याला लिहायला वेळ किंवा शब्द नसत, त्याच्यासाठी लष्करानं ए-२०४२ क्रमांकाचं छापील कार्डच काढलं होतं. 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे' अशा ओळी छापलेल्या. लागू नसतील त्या खोडायच्या. वर एक अक्षर जरी जास्त लिहिलं तरी कार्ड फाडून टाकलं जाईल, अशी तंबीही त्यावरच छापलेली.

तुमच्या घरच्यांना हे कार्ड दाखवू नका. सून म्हणेल, आईंचा फोनही असाच असतो.

७. शिपाई शोधा, आणि बातमी वाईट असेल अशी आशा धरा

इथून पुढे छंद पोक्त होतो. कार्डाच्या पाठीवर नाव आणि सैन्य क्रमांक सापडला तर रविवार सत्कारणी लागला समजा. युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणारा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात, आणि त्याची यादी घरबसल्या चाळता येते. नाव घाला. सापडलं, तर कार्डाचा भाव चढला. न सापडलं, तर माणूस बहुधा जिवंत घरी परतला, लग्न केलं, म्हातारा होऊन गेला. संग्राहकाच्या दृष्टीनं अत्यंत निराशाजनक. पदकांच्या बाजारात ही रीत जुनी आहे, ती कार्डांकडेही आली. पहिल्यांदा यादीत नाव सापडल्यावर तुमच्या तोंडून "वा!" निघेल. आजूबाजूला कुणी नाही ना, तेवढं आधी बघा.

विक्रेता 'हा वीर अमुक लढाईत पडला' असं सांगेल आणि पुरावा नसेल, तर तो दुसऱ्या महायुद्धाकडे बोट दाखवेल. ते खरंही आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बफेकीत शिपायांच्या पहिल्या महायुद्धातल्या सेवानोंदींचा मोठा भाग जळाला. ज्यांचे कागद जळाले त्यांना नंतर किती शौर्यं चिकटली, याची मोजदाद बाजारानं केलेली नाही.

८. 'तुमच्याकडचंच आहे, साहेब' हे ऐकताच पाकीट घट्ट धरा

हा धडा मी पैसे मोजून शिकलो, तुम्ही फुकट घ्या. एका रविवारी माझा उच्चार ऐकून एका गृहस्थानं खोक्याच्या तळातून कार्ड काढलं. मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा सुभेदारानं घरी पाठवलेलं, म्हणाला. माझा ऊर भरून आला. मराठा पलटणी कूतमध्ये होत्याच. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, घोड्याचं मांस खायची पाळी आली तो वेढा. मी घासाघीससुद्धा केली नाही, आणि हे मी पुणेकर असून सांगतो आहे.

घरी आल्यावर नातवानं कार्ड हातात घेतलं आणि झेंडे मोजले. "आजोबा, हा तर अमेरिकेचा आहे." अमेरिका युद्धात उतरली त्याच्या जवळजवळ वर्षभर आधीच कूत पडलं होतं. शिवाय ज्या वेढ्यात पीठ विमानातून टाकायची वेळ आली, तिथे सुभेदारांना फ्रेंच रेशमी कार्डांचं दुकान कुठे सापडलं, हे मी विचारलंच नव्हतं. नातू नऊ वर्षांचा आहे. भिंग त्यानं वापरलं नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. मराठा पलटणींचं युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात झालं. फ्रान्समध्ये महाराष्ट्राचा धागा शोधायचा तर खडकीला जा: तिथल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या, आणि त्यांची फार माणसं गेली. त्याच गावात आज हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथे कोरलेली आहेत. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हललं, घोडदळ मागे राहिलं. हिंदी शिपायांची पत्रं बूलोन्यला एका वेगळ्या कचेरीत वाचली जात. अनेकांची पत्रं दुसराच कुणी लिहून देई. त्यातल्या उताऱ्यांची भाषांतरं सेन्सॉरच्या अहवालांत जपली गेली आणि ती आज ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. म्हणजे आईला काय लिहिलं ते सरकारनं उतरवून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. ही पत्रं अल्बमात घालता येत नाहीत. संग्राहकानं त्यात वेळ घालवू नये.

९. कार्ड कधीही उलटं करू नका

हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम, आणि नवशिके तोच मोडतात. समोरची बाजू यंत्रानं रांगेनं भरली. तीच फुलं, तोच लांबलेला टाका, हजारो घरी गेला. पाठ मात्र जगात एकच. म्हणून अल्बममध्ये फुलं वर आणि पाठ पुठ्ठ्याला.

चुकून उलटलंतच, तर तिथे बहुतेक काही नसेल. असलं तर शिसपेन्सिलीनं चार ओळी. पार्सल मिळालं. मोजे छान उबदार आहेत. तब्येत ठणठणीत. धाकटीला पापा. 'सध्या जरा गडबड आहे, म्हणून लिहायला उशीर झाला.' पलटण, क्रमांक, हुद्दा असला तर भाव वाढतो. नुसतीच माया असेल तर सूचीत 'पाठीवर लिहिलेलं' असा शेरा पडतो, बाकीच्या डागांच्या शेजारी.

अशी तीन-चार कार्डं लागोपाठ उलटणाऱ्याचं पुढे काही खरं नसतं. तो मोज्यांचा विचार करू लागतो. मोजे कुणी विणले, वेळेवर पोचले का, 'गडबड' म्हणजे त्या आठवड्यात नेमकं काय. पुढच्या रविवारी तो खोक्यातली सगळ्यांत मळकी कार्डं उचलतो, अंगठ्याचा डाग असलेली. अशा माणसाला आम्ही संग्राहकांत धरत नाही.

१०. शेवटी हिशेब मिटवा

परत निघताना कार्डं सामानाच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. पुण्याला पोचल्यावर उन्हापासून आणि पावसाळी ओलीपासून जपा. कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवल्यात तर त्या कार्डांना टेकू देऊ नका.

आता खोडरबर. विक्रेता प्रत्येक कार्डाच्या पाठीवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं भाव लिहितो. घरी पोचण्याआधी तो खोडायचा, म्हणजे सौभाग्यवतींना 'अगं, तिथे फुकटच देतात' असं सांगता येतं. माझ्याकडे एक कार्ड आहे. आईचं, स्वस्तातलं, रंग उडालेलं. शिपायाला बरंच सांगायचं असावं, कारण ओळी खाली येता येता बारीक होत गेल्या आहेत आणि शेवटची त्याच कोपऱ्यात शिरली आहे. तिथेच विक्रेत्याचा '४' आहे.

खोडरबर चालवताना भिंग लावा आणि कडेकडेनं या. दोन्ही शिसपेन्सिलीच आहेत.